येतोय का आपला?

एप्रिल २०१९. रात्रीचे साडेदहा. समाजमंदिराची पायरी. बाराला तिसऱ्या पाळीला गिरणीत हजर व्हायचं म्हणून मांडीवर डबा, गळ्याला रुमाल. मतदान २३ तारखेला. आठ दिवस हातात. आणि पायरीवर बसलेल्या दहा-बारा जणांच्या तोंडात एकच सवाल — येतोय का आपला?

आपला म्हणजे हातकणंगले मतदारसंघातला वंचित बहुजन आघाडीचा उमेदवार, अस्लम सय्यद. समोर दोन तगडे गडी. एक राजू शेट्टी, ऊसदराच्या आंदोलनातून वर आलेले, दोन वेळचे खासदार. दुसरे शिवसेनेचे धैर्यशील माने, ज्यांचे आजोबाही खासदार आणि आईही खासदार. आमच्या माणसामागं ना आजोबा, ना साखर कारखाना, ना दूध संघ. निळे झेंडे, हिरवे झेंडे आणि रिक्षावरचा भोंगा. तेवढंच भांडवल.

"लाख पडत्यात बघ."

"लाख? मोज की लेका. गावात आपली घरं किती?"

"आपलीच कशाला? मुसलमान हायत, धनगर हायत, माळी हायत."

"हायत तर. पर शेवटच्या रात्री पाकीट फिरलं म्हंजे कोण कुठं जातंय ते तुला म्हाईत हाय का?"

"येत न्हाई, भावा. दोन नंबरला बी येत न्हाई. मत वाया."

"वाया कसं? ताकद दिसती की!"

मी ऐकत होतो. ऐकता ऐकता मला स्टँडमागची मटक्याची टपरी आठवली. तिथंही माणसं अशीच उकिडवी बसतात. ओपन काय येईल, क्लोज काय येईल, काल काय फुटलं होतं. कुणाला स्वप्न पडलेलं असतं, कुणी जुन्या चिठ्ठ्यांचा हिशेब लावतो. आकडा कुठं निघतो, कोण काढतो, हे मात्र तिथं कुणी विचारत नाही. तो दुसरीकडूनच निघणार हे सगळ्यांनी मनोमन मान्य केलेलं असतं. आपलं काम एकच — ओळखायचं.

दोस्तांनो, त्या रात्री आम्ही पायरीवर बसून तेच करत होतो. बाबासाहेबांनी दिलेलं मत घेऊन आकडा ओळखत बसलो होतो.

पण हे मला त्या रात्री कळलं नाही. त्या रात्री मी पण एक आकडा लावला. म्हणालो, "दीड लाख." माझं ते पहिलं मत.

०

आमच्यात एक आबा. नात्यानं माझे चुलत आजोबा. ऐंशीच्या घरातले, पण आवाज अजून सभेचा. ते म्हणाले, "पोरांनू, ताकद ताकद काय करताय? १९५२ ला मुंबईत खुद्द बाबासाहेब पडले. काजरोळकरांनी पाडलं. भंडाऱ्याला १९५४ ला परत पडले. घटना ज्यानं लिहिली तो माणूस दोनदा पडला आन् तुमी मला ताकद दाखवताय? १९५७ ला काय झालं ते इचारा की."

१९५७ ला कोल्हापुरातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे एस. के. दिगे लोकसभेत गेले. त्या वेळी कोल्हापूर दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. दुसऱ्या जागेवर शेकापचे भाऊसाहेब महागावकर आले. दोघंही संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेवर. शेजारच्या चिकोडीतून फेडरेशनचेच दत्ता कट्टी, नाशकातून दादासाहेब गायकवाड. आबाला तेव्हा मत नव्हतं, एकवीस पुरी नव्हती. पण भिंती रंगवल्या, भाकरी बांधून गावं फिरले.

"चार जणांच्या खांद्याला खांदा लावला तवा आपला माणूस दिल्लीला गेला," आबा म्हणाले. "एकट्यानं दंड थोपटून कोण जात न्हाई."

खालच्या पायरीवरचा एकजण उसळला. "आबा, तवा खांद्याला खांदा हुता. आता त्येंचा खांदा आन् आपली पालखी वाहायची. बैठकीला बोलावत्यात, फोटो काढत्यात, आन् तिकिटाच्या टायमाला म्हणत्यात, तुमचा माणूस निवडून येत न्हाई. त्येंनी म्हणायचं आन् आपुन मान हलवायची."

आबा गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे. हे त्यांनीही पन्नास वर्षं ऐकलेलं, सोसलेलं. पक्षाचे तुकडे झालेले त्यांनी बघितले. एका चिन्हाची चार चिन्हं झाली आणि प्रत्येक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या दारात उभा राहिला. दोघांचंही खरं होतं. म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. मी सायकल काढली आणि गिरणीचा रस्ता धरला.

०

सूतगिरणीत मी रिंग फ्रेमवर साईडर. धागा तुटला की जोडायचा, परत तुटला की परत जोडायचा. आठ तास तेवढंच. शेजारच्या फ्रेमवर माझा दोस्त. मराठ्याचं पोर. एक एकर ऊस, तोही भावाभावांत वाटलेला, म्हणून गिरणीत. छातीवर शेट्टींचा बिल्ला. पहाटे चारला मशिनच्या आवाजात आम्ही एका डब्यात जेवायचो. हे मुद्दाम लिहितोय. त्याच्या आईला हे माहीत नव्हतं.

त्या रात्री तो कानाशी ओरडून म्हणाला, "भावा, एवढ्या टायमाला ऐक. मत वाया घालवू नको. शेट्टीसाहेब गरिबाचा माणूस हाय. तुमची लाखभर मतं गेली म्हंजे तो पडला बघ."

मी म्हणालो, "आमच्या मताला वाया हा शब्द कोण लावतंय?"

"कोण न्हाई रं. हिशेब लावतोय."

"हिशेबात आमी कायम वजाबाकीतच का?"

त्याच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही पुढचं वाक्य नव्हतं. धागा तुटला, तो तिकडं गेला.

२३ एप्रिलला तिसरी पाळी करून सकाळी आठला थेट शाळेतल्या रांगेत. डोक्यात कापूस, डोळ्यांत झोप. बटण दाबलं. बाहेर आलो तर बोटावरची शाई सारखी बघत होतो.

२३ मेला निकाल. धैर्यशील माने ५,८५,७७६. राजू शेट्टी ४,८९,७३७. अस्लम सय्यद १,२३,४१९.

माने आणि शेट्टींच्यातला फरक ९६,०३९.

झालं. कागदावर वजाबाकी सोपी. आमची मतं फरकापेक्षा जास्त. म्हणजे आम्हीच पाडलं. चहाच्या गाड्यावर, एसटीत, कँटीनमध्ये, सगळीकडं एकच — तुमच्यामुळं गेला. बी टीम. महाराष्ट्रभर त्या वर्षी आघाडीला आणि एमआयएमला मिळून चाळीस लाखांवर मतं पडली, औरंगाबादची एक जागा इम्तियाज जलील यांच्या रूपानं आली. पण चर्चा त्या चाळीस लाख माणसांची झाली नाही. त्यांनी कुणाला पाडलं याची झाली.

दोस्तानं डबा वेगळा केला. भांडला नाही. चारला उठला आणि पाण्याच्या टाकीकडं जाऊन बसला. मी फ्रेमपाशी. भांडला असता तर बरं झालं असतं.

मी खोटं बोलणार नाही. मलाही त्या फरकाचा आकडा बरेच दिवस झोपू देईना. ज्यांना हरवायचं म्हणून आपण घसा कोरडा केला तेच जिंकले, ही गोष्ट झटकून टाकण्यासारखी नव्हती. पण दुसरी बाजू पण होती. २०१४ ला शेट्टी भाजपबरोबर युतीत होते, २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर. त्यांना बाजू बदलायची मोकळीक. आमची मतं मात्र आधीपासूनच कुणाच्या तरी खात्यावर जमा धरलेली. आमच्या गड्यानं अर्ज भरला की म्हणायचं चोरी झाली. ज्याची मालकी त्याचीच चोरी होते ना? मग आमच्या मताची मालकी कुणाची?

०

हा सवाल घेऊन मी वाचायला बसलो. दहावीनंतर गिरणी, त्यामुळं इंग्रजी मला शाळेनं दिलं नाही, डिक्शनरीनं दिलं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरच्या स्टॉलवरून शासनानं छापलेला बाबासाहेबांच्या लेखनाचा नववा खंड आणला होता. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, तो. दिवसाला दोन पानं, कधी अर्धं. त्यात मला एक शब्द भेटला — प्रायमरी इलेक्शन. प्राथमिक निवडणूक.

अमेरिकेच्या बातम्यांत हा शब्द ऐकला होता. तिथं राष्ट्राध्यक्षपदाला पक्षाचा उमेदवार कोण, हे आधी राज्याराज्यांत मतदान घेऊन ठरवतात. आपल्याकडं तिकीट दिल्लीहून नाही तर मुंबईहून पाकिटातून येतं. म्हणून मला वाटायचं, ही भानगड परदेशातली. पण आपल्या देशात प्राथमिक निवडणूक कायद्यात आली होती. आणि ती कुणासाठी? फक्त आपल्यासाठी.

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यानं अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिला. म्हणजे आपला प्रतिनिधी आपणच निवडायचा, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही एक मत. २० सप्टेंबरला गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केलं. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या. हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचं कलम फार कमी लोक वाचतात. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मतदान करायचं आणि चार उमेदवार निवडायचे. ही प्राथमिक निवडणूक. मग त्या चारांतला एक, सगळ्या जातींच्या मतदारांनी मिळून निवडायचा. दहा वर्षांसाठी ही व्यवस्था.

कोल्हापूरच्या माणसाला हे कुस्तीच्या भाषेत लगेच कळेल. चार पैलवान आपल्या तालमीनं काढायचे. त्यातला मैदानात कोण उतरणार, हे समोरच्या तालमीच्या वस्तादानं ठरवायचं. वस्ताद कुणाला निवडील? आपल्यात जो सर्वांत तयारीचा त्याला? का जो हात मिळवायच्या आधीच पाठ टेकतोय त्याला?

१९३७ ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं या व्यवस्थेतूनही मुंबई इलाख्यात लढवलेल्या १७ जागांपैकी बहुतेक जिंकून दाखवल्या. त्या वेळी मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसनं कुणाला उभं केलं? बाळू पालवणकरांना. एके काळचे देशातले नामांकित बोलर, आणि आपल्यासारखेच अस्पृश्य समाजातले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. पण १९४६ ला प्रांतांच्या निवडणुकांत फेडरेशनच्या हाताला सबंध देशात दोन जागा लागल्या. बाबासाहेबांचं म्हणणं हेच होतं की प्राथमिक निवडणुकीत आपल्या लोकांनी ज्याला वर आणला तो शेवटच्या निवडणुकीत पडतो, आणि आपल्या लोकांनी ज्याला खाली ठेवला तो इतरांच्या मतांवर निवडून येतो. जुलै १९४६ मध्ये फेडरेशननं पुण्यात या कराराविरुद्ध सत्याग्रह केला. घटना समितीत बाबासाहेब गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडलांच्या साथीनं.

हे वाचलं त्या दिवशी मी खंड मिटला आणि समाजमंदिराच्या पायरीवर जाऊन बसलो. एकटाच. 'येतोय का आपला' या सवालात 'येतोय' वर आम्ही रात्र रात्र घालवली. 'आपला' वर पाच मिनिटं पण घालवली नाहीत. आपला कुणी ठरवला? कसा? कोणत्या अटीवर? उद्या तो गेला तर त्याला जाब कोण विचारणार? 'येतोय का' हा शेवटच्या निवडणुकीचा सवाल, आणि ती दुसऱ्यांच्या हातात. 'आपला कोण' हा प्राथमिक निवडणुकीचा सवाल. तेवढाच आपल्या हातातला, आणि तोच आपण सोडून दिलेला.

०

हे दुखणं एकट्या आपलं पण नाही.

१९७२ हे साल आपल्या पोरांना सांगावं लागत नाही. त्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्याच वर्षी जानेवारीत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली शर्ली चिशोम नावाची काळी बाई उभी राहिली आणि म्हणाली, मी डेमोक्रॅटिक पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहते. १९६८ ला अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेली ती पहिली काळी स्त्री. पण तिच्या लोकांत पण तेच सुरू झालं. येत नाही. मत वाया. बाईमाणूस, त्यात काळी. बरेचसे काळे पुढारी, पुरुष मंडळी, निवडून येईल अशा गोऱ्या उमेदवाराकडं गेले. आणि ब्लॅक पँथर पक्षानं? त्यांनी चिशोमला पाठिंबा दिला.

ती हरली. अधिवेशनात तिला १५२ प्रतिनिधींची मतं पडली. आणि निवडून येईल म्हणून ज्याला घेतला त्या मॅकगव्हर्नचं काय झालं? नोव्हेंबरमध्ये निक्सननं त्याला पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत पाडलं. आकडा ओळखणाऱ्यांचा आकडा पण फुटला तो असा.

पुढं १९८४ ला आणि १९८८ ला जेसी जॅक्सन उभा राहिला. पहिल्या वेळी तीस लाखांवर मतं, दुसऱ्या वेळी जवळपास सत्तर लाख. मिशिगनसारखं राज्य जिंकलं. उमेदवारी मिळाली नाही. पण तो हरून घरी गेला नाही. आपली मतं समोर ठेवून पक्षाशी भांडला. जेवढी मतं तेवढे प्रतिनिधी, असा नियम करून घेतला. वीस वर्षांनी, २००८ ला, बराक ओबामाला उमेदवारीच्या लढाईत त्या नियमाचा उपयोग झाला.

मला यात काय दिसलं? हरलेल्या मतांचं काहीतरी होतं, पण आपोआप होत नाही. मतं मोजल्यानंतर त्यांना धरून बसणारं कुणीतरी लागतं.

आपल्याकडं काय झालं बघा. २०१९ ला शेजारच्या सांगलीत आघाडीच्या गोपीचंद पडळकरांना तीन लाख मतं पडली. तीन लाख! आमच्या पायरीवर त्या रात्री पेढे आले. आणि त्याच वर्षी विधानसभेच्या तोंडावर ते भाजपमध्ये गेले. तीन लाख लोकांना कुणी विचारलं? विचारायची सोयच नव्हती. आपण आकडा लावला होता, अट लावली नव्हती. मटक्यात हरलेला माणूस बुकीला जाब विचारत नाही, उद्या परत येतो. आपण तेच केलं. विधानसभेला परत त्याच पायरीवर बसलो — येतोय का आपला?

०

जानेवारी २०२१. ग्रामपंचायत. आमच्या वॉर्डात एक राखीव जागा, बाईची. आजवरचा रिवाज असा की गावातली वजनदार मंडळी रात्री आमच्या वाड्यात चहाला येणार आणि एका घराचं नाव सांगून जाणार. ज्या घरातला माणूस त्यांच्या शेतात सालानं, बहुतेक त्याच घरातलं. पुणे करार आमच्या वाड्यात दर पाच वर्षांनी होतो, दोस्तांनो. फक्त उपोषण कुणी करत नाही.

या वेळी मी म्हणालो, प्राथमिक निवडणूक घेऊ. पोरं हसली. आबा हसले नाहीत. म्हणाले, "डबा कोण आणतंय?"

पिठाचा स्टीलचा डबा आणला. चिठ्ठ्या केल्या. तीन बायका तयार झाल्या. तिघींना समाजमंदिरात सगळ्यांच्या पुढं उभं केलं आणि सवाल विचारले. मागासवर्गीयांसाठीचा पंधरा टक्के निधी कुठं जातो हे ग्रामसभेत विचारशील का? दोन वर्षांनी इथं येऊन हिशेब देशील का? घरात नवरा सही करणार का तू? शेवटच्या सवालाला बायका खो खो हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. मतदानाला बायका पुरुषांपेक्षा जास्त आल्या. आमची एक वहिनी निवडून आली. दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाणारी, सातवी शिकलेली. दोघी हरल्या, पण प्रचाराला तिच्याबरोबर फिरल्या.

चहाला आलेली मंडळी चहा न पिता गेली. त्यांनी आमच्यातलंच दुसरं घर धरलं. १५ जानेवारीला मतदान झालं. सगळ्या वॉर्डाची मतं मोजली. आमची वहिनी एकोणीस मतांनी पडली.

मी तोंड लपवून घरात बसलो. १९४६ डोळ्यांपुढं आलं. वाटलं, एवढं वाचून, एवढं करून परत तेच. संध्याकाळी आबा काठी टेकत आले. म्हणाले, "तोंड पाडून बसू नको. आजपतूर आमी ज्येला मत दिलं त्येला कुणी तरी नेमून दिलेलं हुतं. ऐंशी वर्सांत पैल्यांदा माझ्या वाड्यानं मला इचारलं." आणि उठून गेले. १९५७ चं नाव काढलं नाही.

वहिनी पुढच्या ग्रामसभेला गेली. सदस्य नाही, नुसती गावकरी. उभी राहिली आणि पंधरा टक्क्यांचा हिशेब मागितला. पहिल्या वेळी माईक बंद केला. दुसऱ्या वेळी तिच्यामागं वाड्यातल्या वीसेक बायका जाऊन बसल्या. तिसऱ्या सभेला कागद वाचून दाखवावा लागला. समाजमंदिराकडच्या वाटेवर आज जे चार दिवे आहेत ते त्या कागदातून आले. निवडून आलेल्या बाईनं पण त्या ठरावाला हात वर केला. तीही आपलीच ना. तिला नेमलं त्यांनी, पण हात वर करायला लावला वहिनीनं.

चार दिव्यांनी क्रांती होत नाही, हे मला कळतं. पण आमच्या वाड्यानं चिठ्ठी टाकून घेतलेला तो पहिला उजेड.

०

मे २०२४. परत हातकणंगले. या वेळी माने, उद्धव ठाकरे गटाचे सत्यजित पाटील सरुडकर, एकटे लढणारे राजू शेट्टी आणि आपल्या आघाडीचे डी. सी. पाटील. गंमत म्हणजे शेजारच्या कोल्हापूर मतदारसंघात आपल्या आघाडीनं काँग्रेसच्या शाहू छत्रपतींना पाठिंबा दिलेला. एकाच जिल्ह्यात इकडं एकट्यानं, तिकडं खांद्याला खांदा. पायरीवर परत आकडे सुरू झाले. मी गप्प बसलो. एका पोरानं विचारलं, "दादा, किती पडत्यात?" मी म्हणालो, "ते मोजणारा मोजील. इकडं एकट्यानं आन् तिकडं पाठिंबा, हे कुणाला इचारून ठरलं, ते मला सांग."

४ जूनला निकाल. माने १३,४२६ मतांनी निवडून आले. सरुडकर दुसरे. शेट्टींना १,७९,८५० मतं. आपल्या उमेदवाराला ३२ हजारांवर.

त्या रात्री गिरणीत पहाटे चारला दोस्त डबा घेऊन माझ्या फ्रेमपाशी आला. पाच वर्षांनी. उभाच राहिला.

"आता आमास्नी म्हणत्यात, तुमी मतं खाल्ली. तुमच्यामुळं सरुडकर पडला. बी टीम."

मी काय बोलणार? मनातून हसू येत होतं आणि त्याच्या तोंडाकडं बघून हसवत नव्हतं. कारण ते तोंड मला माहीत होतं. २०१९ च्या मे महिन्यात माझं तेच होतं.

"बस," मी म्हणालो.

तो बसला. भाकरी मोडली. बराच वेळ मशिनचाच आवाज. मग त्यानं विचारलं, "त्या पिठाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायचं तुमी काय केलतासा, ते खरं हाय काय?"

मी सांगितलं. एकोणीस मतांसकट सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या गल्लीत असलं काय जमायचं न्हाई. आमच्यात नाव वरनंच येतंय." मला वाटायचं हे फक्त आपल्याच वाड्यात होतं.

आमच्या गावापासून माणगाव सायकलवर अर्ध्या तासावर. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं परिषद झाली. बाबासाहेब तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. शाहू महाराज स्वतः आले आणि लोकांना म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला. त्या दिवशी मैदानात बसलेल्या माणसांना ना मत होतं, ना तिकीट, ना मतदारसंघ. हा निवडून येतोय का, असं त्यांना विचारायला जागाच नव्हती. ऐकलं, पारखलं आणि आपला म्हटलं. मला ती माणसं आमच्या पायरीवरच्या माणसांपेक्षा शहाणी वाटतात.

पुढची निवडणूक कुठली ना कुठली येतच आहे. तुमच्या गावात, तुमच्या चाळीत, तुमच्या शाखेत उमेदवार जाहीर व्हायच्या आधी एक डबा ठेवा. जे उभे राहायचं म्हणतात त्यांना लोकांपुढं उभं करा, सवाल विचारा, उत्तरं वहीत लिहून खाली सही घ्या. एकट्यानं लढायचं का चार जणांबरोबर, ते पण त्याच डब्यात टाकून ठरवा. हराल कदाचित. आम्ही हरलो. पण वही राहते. आमची समाजमंदिराच्या कपाटात आहे, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिची किल्ली वहिनीकडं असते.

जय भीम.